मनकवडा की सांगकाम्या

घरासाठी चार्जर निवडायचा, एवढंच काम होतं. त्यात माणसानं बेचैन व्हावं असं काय आहे? पण हर्षला, म्हणजे माझी बायको, दोन-तीन दिवस स्वयंपाकघरातून पोर्चमध्ये आणि पोर्चमधून स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होती. जाता-येता भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्याकडे डोळे वटारून बघत होती आणि मी तिच्या मागून ‘अगं पण’ म्हणत फिरत होतो. चाचणीची मुदत संपत आली होती. महिनाअखेर वीज कंपनीला कळवायचं होतं, की मनकवडा ठेवणार की सांगकाम्या परत घेणार.

ही नावं कंपन्यांनी ठेवलेली नाहीत. त्यांची नावं इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून झालेली, ती कोणाच्याही तोंडात बसली नाहीत. आमच्या नाशिकच्या कॉलनीत कोणीतरी हे बारसं केलं आणि गावभर तेच रुळलं.

चार्जरला एवढी अक्कल कशाला लागते, ते आधी सांगतो. उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी म्हणजे दारात ठेवलेली भलीमोठी बॅटरी. घराचे दोन-तीन दिवस सहज निघतील एवढी वीज तिच्यात मावते. दुपारी सूर्याची वीज रगड असते, इतकी की वाया जाते. ऊन उतरलं की नेमके सगळ्यांचे एसी, शेगड्या आणि दिवे एकदम सुरू होतात. म्हणून आताचे चार्जर दोन्हीकडून चालतात. दुपारी गाडीत वीज भरतात, संध्याकाळी तीच काढून घराला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात, आणि पहाटेपर्यंत जमेल तशी पुन्हा भरतात. पण एका ट्रान्सफॉर्मरवर सगळ्या कॉलनीच्या गाड्या एकदम भरता येत नाहीत, पाळी लावावी लागते. पाळी लावायची तर उद्या कोणाची गाडी किती लांब जाणार, हे आधी कळायला हवं. सगळी मेख तिथेच आहे.

सांगकाम्या हे तुम्हाला विचारायचा आणि तुम्ही सांगाल ते खरं मानायचा. तोच त्याचा गुण आणि तोच दोष. कारण आपण माणसं कशी? ‘येतो एकदा निवांत’ म्हटल्याशिवाय आपल्याला फोन ठेवता येत नाही. समोरचा म्हणतो, नक्की या. आपण म्हणतो, या रविवारी बघा, नक्की. यातलं काही घडणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, पण तसं न म्हणणं हा उद्धटपणा होतो. मी पडलो सरळमार्गी, त्यातून यंत्रांचा वेडा. तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द मी इमानदारीत सांगकाम्याला कळवायचो. रविवारी सिन्नरला मावशीकडे, पुढच्या रविवारी सटाण्याला मित्राच्या वास्तुशांतीला, शनिवारी यावलला सासऱ्यांकडे. गाडी काठोकाठ भरून दारात उभी आणि आम्ही सोफ्यावर. मी एकटाच असा येडा असतो तर निभावलं असतं. पण गेल्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवशी अख्ख्या कॉलनीनं आपापल्या चार्जरला यच्चयावत नातेवाईक सांगून टाकले. ट्रान्सफॉर्मर बसला. भाऊबीजेपर्यंत आम्ही अंधारात चकल्या खाल्ल्या.

मग कंपनीनं मनकवडा आणला. आधी वापरून बघा म्हणाले, नाही पटला तर सांगकाम्या परत मिळेल, फक्त तो पाळीत सगळ्यांच्या मागे उभा राहील. मी अर्थातच पहिल्याच दिवशी मनकवडा बसवून घेतला.

मनकवडा विचारत नाही, बघतो. त्याचं गणित तसं सोपं आहे. आधी तो तुमचा इतिहास घेतो, म्हणजे आजवर किती शनिवारी ही गाडी गावाबाहेर पडली. मग उद्याच्या खुणा बघतो. रजा टाकली आहे का, दूधवाल्याला नको म्हणून कळवलं आहे का, रस्त्यावरच्या पावसापाण्याचा अंदाज कोणी पाहिला का. प्रत्येक खुणेनं आकडा थोडा वर नाहीतर खाली सरकतो. तुम्ही दिलेला शब्द हीसुद्धा त्याच्या लेखी एक खूणच, पण तिचं वजन त्यानं आधी मोजून ठेवलेलं असतं. ही माणसं ‘नक्की’ म्हणतात तेव्हा खरोखर किती वेळा निघतात, त्यावरून. शेवटी हाती एक आकडा येतो. असा दिवस शंभर वेळा उगवला तर तुम्ही किती वेळा घराबाहेर पडाल, याचा. आकडा मोठा असला तर गाडी भरून ठेवतो, लहान असला तर गाडीतली वीज कॉलनीला देऊन मोकळा होतो.

सुरुवातीला मी त्याचं कौतुक करून करून हर्षलाचं डोकं खाल्लं. ती एका दवाखान्याची प्रयोगशाळा सांभाळते, तिच्या ड्यूट्या महिन्यातून दहा वेळा बदलतात. त्या तिच्या आधी त्याला कळायच्या. मी जिम लावली, ते त्यानं पहिल्या दिवसापासून मनावर घेतलं नाही, आणि पुढे त्याचंच खरं ठरलं. यावर हर्षला आठवडाभर हसत होती.

मग एके दिवशी तिनं नानांना फोन केला.

नाना म्हणजे माझे सासरे, दिगंबर फिरके. यावलच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे खिडकीत बसून गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि माईकवर पुकारायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात. हर्षला एकुलती एक. आम्ही शेवटचे यावलला गेलो त्याला वर्ष होत आलं होतं. दर वेळी काहीतरी निघायचं आणि ते खरंच असायचं. कधी तिची सहकारी आजारी, कधी माझं ऑडिट, कधी नुसता थकवा. तिकडे गाडी भरायची सोय नाही, ही एक सबब होती, ती मीच गेल्या वर्षी त्यांच्या भिंतीवर चार्जर लावून मोडून काढली होती. नानांकडे गाडी नाही. चार्जर फक्त आमच्यासाठी.

तर फोनवर हर्षला म्हणाली की शनिवारी येतो, नक्की. पूर्वी यावर नाना लगेच विचारायचे, भरीत टाकू का? मग वांगी बघून आणायची, ती भाजायला कपाशीच्या काड्या कोणाच्या तरी शेतातून मागवायच्या, सगळं साग्रसंगीत. अलीकडे नुसतं ‘हो हो’ म्हणायचे. त्या दिवशी ते म्हणाले, “बरं, बरं. जमलं तर या.” आणि फोन ठेवला.

हर्षला फोन हातात धरून उभीच राहिली. जमलं तर, असं नाना कधी म्हणत नाहीत, हे तिनं मला तीनदा सांगितलं. तब्येत बरी नसेल का, कोणी काही बोललं असेल का, रागावले असतील का? ती पोर्चमध्ये गेली, परत आली, पुन्हा गेली. माझ्या मात्र खरं कारण लक्षात आलं होतं.

लांबून आलेली गाडी परतीसाठी यजमानाच्या घरी भरावी लागते. यावलसारख्या गावात वीज आधीच बेताची. म्हणून पाहुण्यासाठी वीज राखून ठेवायची की नाही, हे यजमानाच्या चार्जरला आधी कळावं लागतं. आमचा मनकवडा आपला आकडा परस्पर तिकडे पाठवत होता. नानांच्या ओट्यावरच्या डब्याला छोटा पडदा आहे. मी माझ्या फोनवर त्या पडद्यावरचा मजकूर उघडून पाहिला. ‘पाहुणे, शनिवार. शक्यता शंभरात चार.’

माझ्या पोटात काही राहत नाही. मी तिला दाखवलं.

आधी तिला ते कळलंच नाही. मग कळलं. ती खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. हे किती दिवस चाललंय, म्हणून विचारलं. मनकवडा बसवल्यापासून, मी म्हटलं. म्हणजे मनकवडा आल्यापासून ती दर आठवड्याला लाडानं ‘येते हं नाना’ म्हणत होती, आणि नाना समोर लिहिलेला आकडा बघत ‘हो हो’ म्हणत होते. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासायला लागली.

“सांगकाम्या परत आण,” ती म्हणाली. “आजच. तो मी सांगेन तेच त्यांना दाखवेल.”

“पण ते खोटं असेल.”

“खोटं कसं? मी येणार म्हणते तेव्हा मला यायचंच असतं, चेतन. ते त्या डब्याला कुठे दिसतं?”

खरंच, तिला जायचंच असायचं. मला ते रोज दिसत होतं. मी मुदत संपेपर्यंत थांब म्हटलं, ती नाही म्हणाली, आणि आम्ही दोन दिवस एकमेकांशी मीठ-साखरेपुरतं बोललो. शेवटी मीच म्हटलं, भांडत काय बसायचं, या शनिवारी जाऊनच दाखवू. डब्याच्या नाकावर टिच्चून.

मनकवड्याला एक ‘नक्की’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की आकडा सरळ शंभर आणि गाडी काठोकाठ. मात्र दाबून गेला नाहीत तर त्या बटणाचंही वजन पुढे घटत जातं. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर मी ते दाबायला निघालो तर हर्षलानं माझा हात धरला. मग स्वतः बोट त्यावर नेलं आणि मागे घेतलं.

“दाबलं आणि सकाळी लॅबमधून फोन आला तर? नाना वांगी आणून बसतील,” ती म्हणाली. “नको. आधी निघू. मग कळू दे त्यांना.”

बटण न दाबल्याचा परिणाम सकाळी दिसला. मनकवड्यानं आमच्याकडे बघून आकडा सहावर नेला होता आणि संध्याकाळी गाडीतली वीज निम्म्याहून जास्त कॉलनीला वाटून टाकली होती. शेजारच्या सरोद्यांनी रात्री एसीत आरामात झोपून घेतलं असणार. मी चरफडलो. हर्षला म्हणाली, धुळ्यापर्यंत जाते ना, मग चल. तिनं फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला. लॅबमधून खरंच फोन आला असता तर ती थांबली असती, हे तिलाही माहीत होतं.

गाडी निघाली तसा आकडा हलायला लागला. नाशिक सोडताना वीस, मालेगावला पन्नास. हर्षला रस्ता बघतच नव्हती, तिचे डोळे गाडीच्या पडद्यावर. धुळ्याला चार्जिंगच्या रांगेत आमचा बराच वेळ गेला आणि आकडा थोडा खाली घसरला, तर ती गाडीतून उतरून येरझाऱ्या घालायला लागली. पुढच्या गाडीवाल्यालाच विचारायला निघाली होती, तुमचं किती राहिलं म्हणून. मी तिला हाताला धरून परत आणलं. फोन करू का नानांना, असं मी विचारलं. नको म्हणाली. आता आकडाच बोलेल. आत्ता नाना बघत असतील, आत्ता उठले असतील, आत्ता वांगी आणायला गेले असतील, असं तिचं मोठ्यानं चाललं होतं. तापीचा पूल ओलांडला तेव्हा आकडा अठ्ठ्याण्णव होता आणि तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेलं हसू होतं.

नानांच्या दाराला कुलूप होतं.

ओट्यावर डबा आमच्या स्वागताला उजळलेला, शंभर दाखवत होता. बघायला कोणी नव्हतं. हर्षलानं कडी वाजवली, कुलूप दिसत असताना. मग शेजारच्या मंदाताई बाहेर आल्या. त्या नानांच्याच वयाच्या, हर्षलाला लहानपणापासून ओळखणाऱ्या.

“अगं बाई, तुम्ही आले?” त्या म्हणाल्या. “ते शनिवारचे घरी राह्यता कुठी आता? सकाळी उठता, डब्यावरचा आकडा पाह्यता. दहाच्या खाली असला की पास खिशात घालता अन् निंघता. म्हाताऱ्यांना एसटी फुकट आहे ना. ते अन् स्टँडवरचे दोघं जुने. आज शिरपूरला गेले.”

पुढचं त्यांनी चहा टाकता टाकता सांगितलं, अगदी सहज, टोचून बोलायचं म्हणून नव्हे. आधी, म्हणजे हा आकडा नव्हता तेव्हा, नाना शनिवारी सकाळीच दाढी करून पांढरा शर्ट घालून दारात खुर्ची टाकायचे. तुम्ही याल आणि दार बंद दिसेल म्हणून दुकानातसुद्धा जायचे नाहीत. ऊन कलल्यावर एकटेच भरीत-पुरी खायचे आणि उरलेलं मंदाताईंकडे पोचवायचे. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, पुढल्या शनिवारी येता ते.

हर्षलानं चहाला हात लावला नाही. तिनं नानांना फोन लावला. त्यांच्याकडे साधा फोन आहे, बोलण्यापुरता. पलीकडून बसचे हॉर्न मलाही ऐकू येत होते. मी शिरपूरच्या स्टँडवर आहे, लस्सी पिऊन राह्यलो, आवाज का व असा तुझा, असं नाना खुशीत बोलत होते.

“नाना, आम्ही आलोय,” ती म्हणाली. “ओट्यावर बसलोय.”

पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला.

“सकाळी तर सहाच होता व आकडा,” नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम अपराधीपणा आला होता. “बस तू, माय. तिथंच बस. आलोच मी.”

शिरपूरहून चोपड्यावरून यावल, म्हणजे दोन-अडीच तास धरायचे, तेही गाडी वेळेवर लागली तर. मंदाताईंनी किल्ली दिली, पण हर्षला आत गेली नाही. ती ओट्यावर बसे, उठून फाटकापर्यंत जाई, रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघे, परत येऊन बसे. लांबून एसटीचा आवाज आला की उभी राही. ती गाडी निघून जाई. मी म्हटलं, पाय तरी मोकळे करून येऊ स्टँडपर्यंत. तर म्हणाली, आपण तिकडे गेलो आणि ते दुसऱ्या रस्त्यानं आले तर? मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. त्या दोन-अडीच तासांत मलासुद्धा एका जागी बसवत नव्हतं, आणि मी तर नुसता जावई. आमच्या डोक्याशी तो शहाणा डबा होता. जगातल्या कुठल्याही गाडीचा अंदाज त्याला आला असता, पण नाना कधी पोचणार ते त्याला विचारायची सोय नव्हती, कारण नाना एसटीत होते.

दिवेलागणीला ते आले. जवळजवळ पळतच. हातातली शेवेची पुडी त्यांनी हर्षलाच्या हातात दिली आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. नाना पूर्वीपेक्षा काळवंडलेले होते, उन्हातून फिरून फिरून, आणि खरं सांगायचं तर तब्येतीनं बरे दिसत होते.

भरीत नव्हतंच. नानांनी खिचडी टाकली, मी पापड भाजले. जेवताना ते अंमळनेर, रावेर, बऱ्हाणपूर अशा आपल्या फेऱ्यांच्या गमती सांगत होते आणि हर्षला ताटात बोट फिरवत होती. मग मधेच तिनं सांगून टाकलं की या महिन्यात चार्जर बदलणार, जुना आणणार, म्हणजे तो घाणेरडा आकडा पुन्हा दिसायचा नाही. मी येते म्हटलं की शंभर.

नानांनी घास खाली ठेवला.

“नको बदलू,” ते म्हणाले. “मी जन्मभर स्टँडवर काढला व हर्षू. गाडी आली नाही म्हणून माणसं भांडत नाही. ती रद्द आहे हे कोणी सांगत नाही ना, त्याच्यानं भांडता. सांगून दिलं की उठता अन् चहा प्यायला जाता.”

“पण मी रद्द नव्हते करत, नाना. मला खरंच यायचं असायचं.”

“माहीत आहे मले. यायचं असल्याशिवाय का तू बोलशील?” ते तिच्याकडे बघत नव्हते, पाण्याचा तांब्या उगाच पुसत होते. “पण मला वाट पाह्याची सवय लागली होती. लई वाईट सवय. ती सुटली आता. पुन्हा नको लावू, माय.”

त्यानंतर खिचडी कोणालाच गेली नाही. हर्षला बराच वेळ मोरीत भांडी घासत राहिली आणि नाना तिच्या शेजारी उभे राहून ती विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. फाटकाशी हर्षलानं नानांना नमस्कार केला, नेहमीच्या सवयीनं ‘पुढच्या’ एवढा शब्द तोंडातून काढला आणि गप्प झाली. नानांनी तिच्या गालावरून हात फिरवला. तू आलीस, लई बरं वाटलं, असं दोनदा म्हणाले. गाडी सुरू झाल्यावर ते खिडकीशी वाकले.

“अन् येशील ना, तर शनिवार सोडून ये व. शनिवारी मी नसतो.”

आम्ही नदी ओलांडली. मग मनकवडाच राहू दे, असं हर्षला म्हणाली. मी बरं म्हटलं. आकडा बघू नये म्हणून तिनं गाडीचा पडदा बंद केला, जरा वेळानं पुन्हा लावला. यावलसाठी आता शंभरात नऊ दाखवत होता. एका खेपेनं तेवढंच वाढतं.

“चेतन,” ती म्हणाली, “नानांनी मला आजवर कधीच नको म्हटलं नव्हतं रे.”

आणि मग ती रडायला लागली. मी गाडी बाजूला घेतली आणि उभी केली.